इटलीची ओळख आणि तुमचा कोट

आबा, तुम्हाला इटलीबद्दल सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला पुण्याबद्दलसुद्धा धड काही सांगितलं नाही. कॉलेज कसंय विचारलंत की "बरंय" म्हणायचो आणि पेपरात तोंड घालायचो. त्यामुळं आता एकदम इटली म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. पण गेले चार दिवस डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, आणि ती याच वाटेनं बाहेर पडेल असं दिसतंय.

मी सिंगापूरला असतो. तुआस म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथं एका इटालियन कंपनीच्या ऑफिसात नोकरी करतो. बिस्किटांचे पुडे बांधणारी यंत्रं ते तिकडं बनवतात. आम्ही इकडं ती बसवून देतो आणि बिघडली की दुरुस्त करतो. ज्या वर्षी या देशानं स्वातंत्र्याची पन्नाशी थाटात साजरी केली, त्या वर्षी आमच्या साहेबांना वाटलं, ज्यांचं मीठ खातो त्यांची आपल्या माणसांना थोडी माहिती असावी. मग 'इटलीची ओळख : समाज, संस्कृती, अर्थव्यवस्था' असं अर्ध्या दिवसाचं व्याख्यान ठरलं. बोलणार कोण? तर मी, कारण तीन आठवडे ट्रेनिंगला तिकडं जाऊन आलेला मी एकटाच होतो. वासरात लंगडी गाय शहाणी.

तीस स्लाइड केल्या, आबा. उत्तरेकडचा माणूस दक्षिणेकडच्याला आळशी म्हणतो आणि दक्षिणेकडचा उत्तरेकडच्याला माणूसघाणा. दुपारच्या जेवणानंतर दुधाची कॉफी मागितली तर वेटर असा बघतो, की आपण भातावर चहा ओतायला निघालोय. लग्न होऊन दोन पोरं झाली तरी रविवारी आईकडंच जेवायचं. देश वगैरे ठीक, पण खरं आपलं म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे आपल्या चर्चची घंटा जिथवर ऐकू येते तिथवर. ऑगस्टमध्ये सगळा देश कुलूप लावून समुद्रावर जातो. इकडं आपलं मशीन बंद पडून गिऱ्हाईक बोंबलत असलं तरी तिकडं फोन उचलायला कुणी नसतं. ऑगस्टचं मी विशेष रंगवून सांगितलं आणि लोक पोट धरून हसले. तुम्ही खंडेनवमीला दोन्ही लेथ रॉकेलनं धुऊन, झेंडू वाहून दोन दिवस बंद ठेवायचात. पुण्याचं गिऱ्हाईक दारात येऊन आरडाओरडा करायला लागलं तेव्हा "मशीन आज पाहुणी हाय, तिला काम सांगायचं नसतं" म्हणून त्यालाच पेढा दिलात. तो दिवस मला तेव्हा आठवला नाही. आठवला असता तरी मी तो सांगितला नसता.

मग शेवटची स्लाइड आली, 'कमकुवत बाजू'. एका गावात सगळे खुर्च्या करतात, दुसऱ्या गावात सगळे चष्मे, तिसऱ्यात सगळे पॅकिंगची यंत्रं. प्रत्येकाचा कारखाना दहा-वीस माणसांचा. एक ओतकाम करतो, शेजारचा ते कातून देतो, पलीकडचा ग्राइंडिंग करतो. कागद नाही, करार नाही, सगळा व्यवहार तोंडी. बाप ऐंशीचा झाला तरी खुर्ची सोडत नाही आणि पोरगं केस पांढरे होईपर्यंत वाट बघतं. मोठं व्हायची कुणाला इच्छाच नाही. आणि मग मी जरा थांबून, टाळीचं वाक्य टाकावं तसं टाकलं, "धिस इज नॉट ॲन इंडस्ट्री. धिस इज अ लेन."

वाक्य ओळखीचं वाटलं ना? इंग्रजीत नवं होतं, मराठीत तुमच्यावरच आधी वापरलं होतं. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीत कोल्हापूरला आलेलो. उद्यमनगरात आपल्या कारखान्यात तुम्ही, दोघं कामगार आणि शेजारचे, ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे पॅटर्नवाले काका जेवायला बसलाय. मी उभाच आहे, हातात वही. कर्ज काढा, एमआयडीसीत जागा घ्या, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन आणा, असं मी तुम्हाला शिकवतोय. तुम्ही म्हणता, पॅटर्नवाल्याचं कसं होणार मग, पलीकडच्या फाउंड्रीचं कसं? आणि मी म्हणतो, "ह्याला इंडस्ट्री म्हणत नाहीत आबा, ही नुसती गल्ली आहे." कामगारांनी माना खाली घातल्या. तुम्ही माझ्याकडं न बघता भाकरी मोडलीत. "गल्ली हाय म्हणून तर भागतंय, बाळा. बस, जेव आधी." मी जेवलो नाही. बाहेर जाऊन मिसळ खाल्ली, तीही तुमच्याच पैशांनी.

खरं सांगायचं तर इटलीत पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं. आमच्या कंपनीच्या कारखान्याच्या वरच मालकाचं घर, आणि दुपारी सगळ्यांनी वर जाऊन एकाच लांब टेबलावर जेवायचं. मालक सत्तरीचा म्हातारा. त्यानं माझ्या ताटात वाढलं तेव्हा त्याच्या बोटांना लेथवर सोडतात त्या कूलंटचा वास येत होता, साबणानं कितीही हात धुतले तरी न जाणारा, तुमच्या हातांना यायचा तोच. संध्याकाळी तो मला चौकात कॉफीला घेऊन जायचा. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या बायका माझ्याकडं बोट दाखवून त्याला काहीतरी विचारायच्या. मी अर्थ विचारला तर तो तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आमच्याकडं नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, हा कुणाचा?" मी नुसता हसलो. उद्यमनगरात मी सायकल घेऊन वळलो की कोपऱ्यावरचा चहावाला नव्या माणसाला सांगायचा, "लेथवाल्या आबांचं पोरगं." हे मी त्या म्हाताऱ्याला सांगायला हवं होतं. टाळलं. आणि तीन आठवडे त्याच्याकडं जेवून आलेला मी, त्याच टेबलाची 'कमकुवत बाजू' नावाची स्लाइड केली.

व्याख्यानाच्या दिवशी तो म्हातारा सिंगापुरात होता. सकाळी आमच्या शेडमध्ये एक मशीन विचित्र आवाज करत होतं. तुम्ही करायचात तसंच मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि सांगितलं, हे नाही, पलीकडचं गेलंय. उघडलं तर पलीकडचंच होतं. म्हातारा लांबून बघत होता. नंतर तो शेवटच्या रांगेत येऊन बसला. त्याला इंग्रजी फारसं कळत नाही अशी आमची सगळ्यांची समजूत. ती किती चुकीची होती, हे व्याख्यान संपल्यावर कळलं. सगळे चहाला उभे होते, तीस माणसं, आणि तो माझ्यापाशी येऊन हसत, सावकाश इंग्रजीत म्हणाला, "गावात तुला विचारायचं राहिलं. तू कुणाचा? ते स्क्रूड्रायव्हरचं तुला कुणी शिकवलं?"

जन्मापासून तोंडपाठ असलेलं एवढं एकच उत्तर, आबा. पण गल्लीवर हसलेली माणसं आजूबाजूला उभी होती. आणि मी म्हणालो, "वडील सरकारी अधिकारी होते. हे कॉलेजात शिकलो."

त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. रागानं नव्हे. "अच्छा, सरकारी," म्हणाला. मग चमच्यानं कप ढवळत म्हणाला, "माझा बाप टर्नर होता. दोन लेथ होते. गल्लीत." आणि कॉफी घेऊन खिडकीकडं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं तो परत गेला. त्यानंतर दोन वर्षांत मी त्याला कामाच्या शंभर मेल लिहिल्या असतील; खरं सांगणारी ती एक लिहिली नाही. मला इतकी लाज कशाचीच वाटली नाही, आणि लाज वाटली तरी माणूस दोन वर्षं गप्प बसू शकतो हेही तेव्हाच कळलं.

सरकारी अधिकारी हे सुचलं कुठून, याचाही मी विचार केला. ते तुमच्या फोटोतून आलं. तुम्ही गेलात तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. होता तो एकच, खंडेनवमीचा, लेथशेजारी उभे राहून काढलेला. स्टुडिओवाल्यानं सवयीनं विचारलं, "कोट-टाय घालू काय? समदे घालत्यात." मी म्हणालो, घाला. लेथ कापला गेला, हात कापले गेले, झेंडूही गेला. आईनं फ्रेम हातात घेतली, पदरानं काच पुसली आणि म्हणाली, "चांगलाय. पर ह्यास्नी कवा एवढी थंडी वाजली न्हवती." तोच फोटो इथं सिंगापुरात, बुकित बातोकच्या घरात टीव्हीच्या वर आहे. लेकीनं एकदा विचारलं, "पपा, आजोबा वॉज बिग बॉस, इझ इट?" मी हो म्हणालो. इथं घरी येणारी पुण्या-मुंबईची मंडळीही फोटोकडं बघून वडील कुठं होते विचारतात आणि उत्तराची वाट न बघता म्हणतात, बँकेत का? मी पोहे पुढं करतो.

गेल्या सोमवारी ऑफिसनं कळवलं की नवी माणसं आलीत, येत्या गुरुवारी तेच व्याख्यान परत द्यायचं. म्हातारा पुन्हा येणार आहे, आणि या वेळी कंपनी मुलाच्या हाती देऊन शेवटचा येणार आहे. मी बसलो आणि शेवटची स्लाइड काढून टाकली. तिच्या जागी गल्ली दाखवायची ठरवलं, आपली. सुरुवातीलाच सांगायचं, हे माझे वडील, टर्नर, आणि इटली कळायला मला तिकडं जायची गरजच नव्हती. त्यासाठी फोटो हवा. कोल्हापूरचा स्टुडिओ कधीच बंद झालाय आणि मूळ फोटो मी तेव्हा परत मागितला नव्हता. म्हणून काल फ्रेम उतरवून पिशवीत घातली आणि आमच्या ब्लॉकखालच्या फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा चिनी अंकल. मी विचारलं, हा कोट काढता येईल का?

त्यानं फोटो दिव्याखाली धरला. "कोट ऑल्सो नॉट रियल, हा?" म्हणाला, आणि हसला. "कॅन, कॅन. रिमूव्ह व्हेरी ईझी. बट इनसाइड व्हॉट शर्ट? यू टेल मी, आय पुट लाह."

मी वाकून फोटो नीट बघितला. चौकडीचा की साधा, खाकी की पांढरा, बाह्या दुमडलेल्या असायच्या की अर्ध्याच. अंकल माउसवर हात ठेवून थांबले होते. मागं दोन गिऱ्हाइकं उभी राहिली. गुरुवारी मी फोटोशिवाय बोलेन, नक्की बोलेन असं आत्ता तरी वाटतंय. पण आबा, वीस वर्षं रोज तुम्ही अंगात घालून त्या लेथवर उभे राहिलात, तो शर्ट कसा होता, ते मला सांगता आलं नाही.