सालीचे पाणी आणि स्टीलचा टेबल

पांढुर्णा,
९ मार्च २०२५

चि. गौतम यास,
अ. आ. आणि जय भीम. वि. वि.

संत्र्याची साल जर जंतू मारते, तर टोपलीतल्या संत्र्याला हिरवी बुरशी सालीवरच का धरते? हे तुला फोनवर विचारणार होते. पण ह्यांना कमी ऐकू येते म्हणून घरातला फोन सदा स्पीकरवर असतो आणि ही गोष्ट त्यांच्यासमोर बोलायची नाही. म्हणून पत्र.

ह्यांच्या पोटातले पाणी पुन्हा गढूळ निघाले. किडन्या गेल्यापासून पोटातल्या नळीतून दिवसाला चारदा औषधी पाणी भरायचे आणि काढायचे, हे वर्षभर मी घरीच करून राहिले, तुला ठाऊक आहे. चार महिन्यांत हा दुसरा संसर्ग. आठ दिवस नागपूरच्या दवाखान्यात काढून काल परतलो. डॉक्टरांनी बजावले आहे की तिसऱ्यांदा झाले तर नळी काढावी लागेल, मग आठवड्यातून तीनदा नागपूरला मशीनवर. हे म्हणतात, मी जाणारच नाही. आणि ते खरेच जायचे नाहीत.

निघताना नर्सबाईंनी विचारले की पाणी बदलता तो स्टीलचा टेबल कशाने पुसता. मी ऐटीत सांगितले, संत्र्याच्या साली गुळात तीन महिने आंबवून केलेल्या पाण्याने, कॉलेजात रसायन शिकवणाऱ्या माझ्या भावाने दाखवले. हातही त्यानेच धुते. बाईंनी ते वहीत टिपून घेतले. आपली सून पल्लवी लग्न होऊन आली तेव्हापासून फिनाईल आणा म्हणते, पण त्याने ह्यांना खोकला सुटतो. ती नुसती माझ्याकडे पाहून राहिली.

गौतम, हे माझ्या हाताने झाले का? खरे सांग, मास्तरकी करू नकोस. दमले रे मी.

तुझ्याकडे सगळ्यांना आशीर्वाद.
तुझी ताई,
वच्छला


सौंसर,
१३ मार्च २०२५

ती. वच्छलाताईस,
सा. जय भीम, वि. वि.

आधी उत्तर लिहितो, मग कारणे. संसर्ग तुझ्या हातून झाला का, हे मला सांगता येत नाही आणि कुणालाही खात्रीने सांगता यायचे नाही. जंतू हातावरून येतात, नळीच्या तोंडातून येतात, कधी रोग्याच्या आतड्यातूनही येतात. मात्र त्या पाण्याने तो टेबल पुसायला नको होता, आणि हात तर मुळीच धुवायला नको होते. ते तुला मी शिकवले.

आता संत्रे. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या आहेत. हे तेल कित्येक जंतूंना मारते, यात शंका नाही. परंतु साल शाबूत असेतो ते पिशवीतच कोंडलेले राहते. शिवाय ती हिरवी बुरशी संत्र्या-लिंबांवरच पोसलेली आहे. तिला ते तेल सोसते. किंबहुना साल दुखावून तेलाचा वास सुटला की तिला जणू निमंत्रणच मिळते. म्हणून एखादी वनस्पती जंतू मारते का, एवढेच विचारून भागत नाही. कोणता जंतू, किती तीव्र अर्क आणि किती वेळ, हेही विचारावे लागते. कडुनिंब घे, हळद घे, तुळस घे, सर्वांना हेच लागू आहे.

मोहगावच्या विज्ञान प्रदर्शनात मी काचेच्या बशीत जंतू वाढवून मधोमध सालीच्या तेलाचा थेंब ठेवला होता. त्याभोवती स्वच्छ कडे उमटले. तुम्ही दोघांनी ते पाहिले आणि मी टाळ्या घेतल्या. तो थेंब निव्वळ तेलाचा होता आणि दोन दिवस जागचा हलला नव्हता. तुझ्या बाटलीत तेल नावापुरते, आणि टेबलावर ते टिकते मिनिटभर. एवढा साधा भेद मी तेव्हा सांगितला नाही. घरगुती पाण्याची कृती मात्र उत्साहाने लिहून दिली. मला क्षमा कर.

ते पाणी टाकू नकोस. आंबट असल्यामुळे मोरीचा आणि ओट्याचा मळ त्याने चांगला सुटतो. टेबल आणि हात यांसाठी मात्र नर्सबाई सांगतील तेच करायचे, पदरचे काही नाही. हात आधी साबणाने, मग स्पिरिटने. भाऊजींना ते परके वाटले तर सांग की स्पिरिटही आपल्याकडे बहुधा उसाच्या मळीतूनच निघते. त्याची तीव्रता तेवढी मोजलेली असते.

माया कमी करू नये.
तुझा,
गौतम


पांढुर्णा,
१७ मार्च २०२५

चि. गौतम यास,
अ. आ.

पत्र पोचले. चार पाने विज्ञान आणि क्षमा तीन शब्दांत. पण ते तीन शब्द होते म्हणून पुढचे वाचले.

मी साबण-स्पिरिट सुरू केले तर हेच अडून बसले. तिगावला तीस वर्षे ह्यांनी रेल्वेचे रूळ हातोडीने ठोकून तपासले. स्वतःच्या कानाडोळ्यांशिवाय कशावर विश्वास नाही. ह्यांचे म्हणणे असे की साळ्याच्या बशीतले कडे मी या डोळ्यांनी पाहिले, आता तोच साळा कागदावर लिहून राहिला की त्याने भागत नाही, तर मी डोळे मानू की कागद? नागपूरवाल्यांना बाटल्या खपवायच्या आहेत, असेही वर. परवा या भांडणात दुपारचे पाणी बदलायला दोन तास उशीर झाला. हे काय बरे लक्षण आहे?

मला समजावू नकोस, मला समजले. ह्यांना दिसेल असे काही दे. भांडायला माझ्यात जीव उरला नाही.

वच्छला


सौंसर,
२० मार्च २०२५

ती. ताईस,
सा. जय भीम, वि. वि.

भाऊजींचे बरोबर आहे. मी दाखवून चकवले, तेव्हा दाखवूनच फेडले पाहिजे.

सारख्या आकाराच्या दोन काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढ. एकीत अर्ध्यापर्यंत तुझे सालीचे पाणी घाल, दुसरीत तेवढेच उकळून निववलेले साधे पाणी. थोडा गूळ पाण्यात चांगला उकळ, निवू दे, आणि दोन्ही बाटल्यांत दोन-दोन चमचे टाक. तोंडांवर फुगे ओढायचे; ते भाऊजींनीच बांधावेत. मग उबेच्या जागी तीन-चार दिवस ठेव. बाटलीत जिवंत असे कोणी असेल तर ते गूळ खाईल, वायू सोडील आणि फुगा उभा राहील. मुरवताना पहिला महिना झाकण रोज सैल करावे लागते, ते याच कारणाने.

फुगा उठलाच नाही, तर मात्र पाणी जंतुरहित ठरत नाही; आतले काहीजण निपचित असू शकतात. जे दिसेल ते जसेच्या तसे कळव, माझी अब्रू राखू नकोस. तोवर चार दिवस माझ्या विनंतीखातर स्पिरिट चालू द्या, असे भाऊजींना सांग.

गौतम


पांढुर्णा,
२६ मार्च २०२५

चि. गौतम यास,
देवीदासचा जय भीम.

तुझी ताई दुपारची झोपली. गेल्या महिनाभरात ती अशी झोपलेली मी पाहिली नाही, म्हणून उठवली नाही. मीच लिहून राहिलो.

फुगे मी बांधले, दोऱ्याचे तीन-तीन वेढे देऊन. दुसऱ्या दिवशी तुझ्या सालीच्या पाण्यावरचा फुगा मान वर काढून उभा. दुसरा लोंबतच होता. म्हटलं उन्हाचा फरक असेल, म्हणून बाटल्यांच्या जागा बदलल्या. वाढला तोच. मी पल्लवीला म्हटलं, साळ्याने जंतू मारायचं औषध म्हणून जंतूंची खानावळच काढून दिली. ती हसली. तुझी ताई हसली नाही, मोरीवर गेली आणि साबणाने हात धूत बसली, धूतच बसली. शेवटी मी हाक मारली की पुरे, कातडं निघंल, स्पिरिट लाव आणि ये. नळी मीच पुढे केली.

आता तिसऱ्यांदा होणारच नाही, असं तू लिहू नको आणि मीही लिहीत नाही. नर्सबाईने एक तपासणी शिकवली आहे, ती तेवढी करतो. पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी लिहिलेल्या कागदावर ठेवायची आणि वरून वाचायचं; अक्षर दिसलं तर पाणी स्वच्छ. आज सकाळी कागद म्हणून तुझं पत्र घेतलं. अक्षर तुझं कोंबडीच्या पायाचं, पण वाचता आलं, सहीपर्यंत.

राग धरला नाही, तूही धरू नये.
देवीदास