श्रावणात बिबट्या का फिरकला नाही

बोरीवली, श्रावणी शुक्रवार, १९८५

आज पोरं पुन्हा इमारतीमागे खेळली. हुश्श! आषाढभर जंगलातला बिबट्या आमच्या मागच्या भिंतीशी येऊन कुत्री उचलायचा. सोसायटी पिंजरा मागवायला निघाली होती. श्रावण लागला आणि तो फिरकलाच नाही. शेजारच्या सावंतवहिनी म्हणतात, "सत्यनारायण पावला गं!"

पावला असेल. पण भिंतीशी आता कुत्रीही नाहीत, ती कुठे गेली? श्रावणात कुणाकडेच मासळी-मटण नाही, मग भिंतीपलीकडे काटे, हाडं फेकणार कोण? काट्यांसाठी कुत्री, कुत्र्यांसाठी बिबट्या. म्हणजे आवतण आम्हीच देत होतो की!

वहिनींना सांगितलं. म्हणाल्या, "गणपती गेले की मासळी येणारच ना? मग पिंजरा काट्यांनाच लाव. घट्ट झाकणाचा डबा आण."