काही बोललो नाही म्हणजे पसंत आहे

अण्णा,

काल ती नोकरी सोडून गेली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि ती माझ्याकडे होती आठ वर्षं. नागपूरची मुलगी, शिकली इकडे अमेरिकेत ॲन आर्बरला, आणि तिथून थेट कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला माझ्या वर्कशॉपात आली. चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रांतली हवा खेचून काढणारे पंप आम्ही दुरुस्त करतो: उघडायचे, धुवायचे, बेअरिंगं बदलायची, जोडून चालवून बघायचे. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने एक पंप चालू केला, मान जराशी कलती करून ऐकला आणि म्हणाली, "काका, याचं मागचं बेअरिंग जाऊन राहिलं." तोवर माझी समजूत होती की तो बारीक किर्र आवाज या गावात मला एकट्यालाच ऐकू येतो. चौदा माणसांचं वर्कशॉप आहे माझं, त्यातलं एक माणूस गेलं, एवढंच कोणी म्हणेल. पण ती म्हणजे अर्धं वर्कशॉप होती, आणि ती तुमच्यामुळे गेली असं मला काल दिवसभर वाटत होतं. आज शनिवार. शटर ओढून एकटा बसलोय आणि हे लिहितोय. मला तुमचा राग आलाय, अण्णा. साधासुधा नाही, चांगला सणसणीत. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यावर रागवायची सोय नव्हती, म्हणून आता.

उद्यमनगरातला तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतो. तुम्ही फोरमन, मी डिप्लोमा करून नुकताच तुमच्याच हाताखाली लागलेला. सकाळपासून एक शाफ्ट टर्न करतोय, जेवणाची सुट्टीसुद्धा घेतलेली नाही. तुम्ही येता. शाफ्ट उचलता, पुसता, मायक्रोमीटर लावता. तीन ठिकाणी. मग फिरवून पुन्हा तीन ठिकाणी. शेजारच्या लेथवरचे दोघं काम हळू करून बघतायत. माप इतकं बरोबर आलंय की मला स्वतःलाच खरं वाटत नाहीये. तुम्ही शाफ्ट जागेवर ठेवता, माझ्या पायांशी बघता आणि म्हणता, "हे हात पुसलेलं कॉटन वेस्ट कोण उचलणार? तुझा सासरा?" सगळं शॉप हसतं. मीही हसतो. तुम्ही पुढच्या लेथकडे गेलेले असता.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात आईजवळ कुरकुरलो, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "अरे वेड्या, खूश आहेत ते तुझ्यावर." मी म्हटलं, "कशावरून?" तर म्हणे, "दुपारी डबा धुऊन पुसून रिकामा आला की! कारलं होतं." बिचारीचं सगळं आयुष्य तुमच्या गप्प बसण्याचं भाषांतर करण्यात गेलं. पुढे एकदा मी धीर करून तुम्हालाच विचारलं होतं, अण्णा, माझं काम बरं असतं का हो? तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "वाईट असतं तर बोललो नसतो? काही बोललो नाही म्हणजे पसंत आहे असं समजायचं. तोंडावर चांगलं म्हटलं की माणूस शेफारतो." आणि वर, कोणी विचारलं नसताना, "वीस वर्षांत माझ्या शॉपमधून एक माणूस सोडून गेलेला नाही."

ते मी इकडे घेऊन आलो. दुसरं फारसं काही आणलं नव्हतं. दुसऱ्यांच्या वर्कशॉपांत बारा वर्षं घासली, मग स्वतःचं काढलं. मी तुमच्यासारखा आंबट नाही बरं का. मी थट्टा करतो, कोणाच्या पोराला ताप आला तर घरी पाठवतो, शुक्रवारी सगळ्यांना बिर्याणी मागवतो. माणसं म्हणतात, बॉस काय मजेशीर आहे! पण कामाचं म्हणाल तर मी तंतोतंत तुम्ही. रिपोर्ट वाचायचा, चूक असेल तर बोट ठेवायचं, नसेल तर खाली ठेवून चालू पडायचं. त्या मुलीचे रिपोर्ट मी आठ वर्षं वाचले आणि आठ वर्षं खाली ठेवून चालू पडलो. घरी मात्र रोज बायकोला सांगायचो की पोरगी काय कान घेऊन आलीये, काय हात आहे!

दोन वर्षांपूर्वी इथल्या अमेरिकन मुलांपैकी तिघं लागोपाठ सोडून गेले, तेव्हा मी घाबरून एक सल्लागार बाई आणली. चांगली माणसं टिकतील असं वातावरण करून देणं हा तिचा धंदा. तिने भिंतीवर एक बोर्ड लावला, एकमेकांना थँक यू लिहून चिकटवायचा. पिंगपाँगचं टेबल आणवलं. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून असलेला एक फिलिपिनो म्हातारा आहे. त्याने त्या टेबलावर धुतलेली रबरी सीलं वाळत घातली. आजही तिथेच घालतो. एक दिवस बाईने मला विचारलं, "तुम्ही कोणाला शेवटचं 'छान केलंस' कधी म्हणालात?" मी हसलो. म्हटलं, मॅडम, आमच्यात तसं नसतं, त्यांना ते कळतं. आणि ऐटीत पुढे म्हटलं, माझी इंडियाची माणसं बघा, एक हललेलं नाही. ती म्हणाली, "त्यांच्यातले व्हिसावर किती?" मी म्हटलं, जवळजवळ सगळे, व्हिसा माझ्याच कंपनीच्या नावावर. "मग ते टिकलेत असं एवढ्यात म्हणू नका." मला इतकी चीड आली की दुसऱ्या दिवशी तिचं काम बंद केलं.

आता सांगतो मला कसली चीड आली होती. तिने एका वाक्यात तुमचं उद्यमनगर उघडं पाडलं होतं. तुमच्या शॉपमधून माणूस गेला नाही, कारण जाणार कुठे होता? सगळ्यांची घरं त्याच दोन गल्ल्यांत, शेजारच्या शॉपचा फोरमन तुमचा साडू. तुम्ही त्याला तुमची जरब म्हणत होतात, मीही माझ्या इथल्याला माझी पुण्याई म्हणत होतो. दार बाहेरून लावलेलं होतं, अण्णा, आणि तुम्ही आतल्यांची हजेरी मोजून खूश होत होतात.

तिच्यासाठी ते दार मार्चमध्ये उघडलं. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं होतं, नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल फार जुनी. त्याचा नंबर लागला तसं त्याच्याबरोबर तिलाही ग्रीन कार्ड मिळालं, म्हणजे आता कुठेही नोकरी करायला मोकळी. पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या केबिनच्या दारात उभी. "काका, दोन मिनिटं आहेत का?" या देशात या प्रश्नामागून कधी चांगली बातमी आलेली नाही. सनीव्हेलच्या एका मोठ्या कंपनीत जातेय म्हणाली. मी पगार वाढवतो म्हटलं, मॅनेजर करतो म्हटलं. "पगाराचं नाही हो काका," एवढंच म्हणाली आणि बघत राहिली. मला वाटतं, तेव्हा ती थांबली होती. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबली होती. मी काय म्हटलं असेल? "बरं, मग जायच्या आधी सगळ्या टेस्टच्या फाइली नीट लावून ठेव."

बायको म्हणाली, रविवारी जेवायला बोलवा तिला, अजून आठवडा आहे हातात. आली. बायकोने वरणफळं केली होती. वाढता वाढता बायको अगदी सहज म्हणाली, "तू जाणार म्हणून यांना झोप नाही गं. गेली आठ वर्षं घरी आले की तुझंच कौतुक. कान काय, हात काय. मला तर तुझे पंपसुद्धा पाठ झालेत." तिचा घास हातातच राहिला. "माझं?" म्हणाली. "काकू, माझं?" मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही तर कधी काही बोलूनच नाही राहिले. मी तर समजत होती, तुम्ही मला नुसतं चालवून घेऊन राहिले." हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "दर वेळी व्हिसाचे कागद करायची वेळ आली की मला वाटायचं, या वेळी तुम्ही सही नाही करणार. तुम्ही रिपोर्ट वाचून तसेच निघून जायचे न, त्या दिवशी घरी जाऊन मी रेझ्युमे उघडून बसायची. काढून टाकलं तर साठ दिवसांत देश सोडायचा. पाच वर्षं मी घरात सोफा नाही घेतला, काका. कॅम्पिंगच्या दोन खुर्च्या होत्या. सोफा कोणाच्या गळ्यात मारत फिरणार साठ दिवसांत?"

पाच वर्षं! माझ्या वर्कशॉपातलं सगळ्यात चांगलं माणूस पाच वर्षं घडीच्या खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होतं, आणि मी तिकडे बिर्याणी मागवत होतो. मी तिला म्हटलं, अगं, आमच्या वडिलांची शिकवण तशी. तोंडावर चांगलं म्हणायचं नाही. काही बोललं नाही म्हणजे पसंत. मग सगळं एकदम बाहेर पडलं: तुझ्यासारखं काम करणारं मी पाहिलं नाही, तू आलीस म्हणून वर्कशॉप उभं राहिलं, राहा, नको जाऊस. अण्णा, ते बोलायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती शेफारली नाही. रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मागच्या वर्षी बोलले असते न काका, तर मी त्यांचा फोनच उचलला नसता. आता तिकडे हो म्हणून चुकली." दारात चप्पल घालताना पुन्हा म्हणाली, "आणि आता मला सांगून काय होते? जे राहिले त्यांना सांगा."

काल तिचा शेवटचा दिवस. केक कापला, टाळ्या वाजल्या, ती गेली. मी म्हटलं, सांगतो राहिलेल्यांना. फिलिपिनो म्हाताऱ्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, तुझ्या हाताने जोडलेला पंप आजवर एकदासुद्धा गळत परत आला नाही, असं काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. त्याने पाना खाली ठेवला. पंप बंद केला. माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "बॉस, मला काढताय का?" मी नाही नाही म्हणतोय आणि त्याचा विश्वास बसत नाही. "मग वर्कशॉप विकताय?" शेवटी मी त्याला म्हटलं, ते टेबलावरचं सील उचल, वाळलंय. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने पंप परत चालू केला. हे तुमचं पीक आहे, अण्णा. माझ्या जागेत चांगला शब्द ऐकला की माणूस नोकरी गेली असं समजतो.

इतकं लिहून मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये, आणि त्याचं कारण मला माहीत आहे. तिला मी वडिलांची शिकवण म्हणालो ते अर्धंच खरं होतं. पाच वर्षांपूर्वी, ती खुर्चीत बसत होती तेव्हाच, सनीव्हेलच्या एका गिऱ्हाइकाच्या मॅनेजरची मेल आली होती. आमचा कारखाना बंद पडायचा तो तुमच्या या इंजिनियर बाईंनी वाचवला, फोनवरून नुसता आवाज ऐकून बिघाड सांगितला, कृपा करून त्यांना आमचे आभार कळवा. मी ती तीनदा वाचली. बायकोला वाचून दाखवली. आणि मग मनात आलं, ही तिने पाहिली तर स्वतः काय चीज आहे ते तिला कळेल, आणि उद्या हेच गिऱ्हाईक तिला उचलून नेईल. मॅनेजरला मी उत्तर लिहिलं, नक्की सांगतो. तिला सांगितलं नाही. तुम्ही असलं कधी केलं नसतं. तुम्ही सवयीने गप्प बसत होतात. मी विचार करून गप्प बसलो आणि रविवारी ताटावर बसून सगळं तुमच्या नावावर खपवलं. त्यासाठी तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, पण त्या शाफ्टबद्दलचा माझा राग मी मागे घेत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. ती मेल मात्र मघाशी शोधून काढली. तिला फॉरवर्ड करताना वर चार ओळी लिहाव्यात म्हणून बराच वेळ बसलो, लिहिलेलं तीनदा पुसलं, आणि शेवटी वर काहीच न लिहिता तशीच पाठवून दिली.