अक्काच्या केळीबागेतून

चोपडा, फेब्रुवारी १९९०

चि. सौ. भागा हिस अभिमनचे आशीर्वाद.

मी इथे अक्काकडे बरा आहे. जेवण जातं, झोपही लागते.

आल्या दिवशी वाऱ्यानं केळीचं पान फाटलं, तर पलटणीबरोबर असतानाचा लंकेतला गोळीबार समजून मी चिखलात आडवा झालो. दाजी हसले नाहीत. शेजारी बसून म्हणाले, "भाऊ, पान शे ते. आइक." तेव्हापासून रोज सकाळी पाटाच्या कडेला मातीवर हात टेकून बसतो. पाणी ऐकतो, वारा ऐकतो.

काल लग्नाच्या वरातीत फटाके वाजले. मी मातीवर हात टेकले आणि जागचा उठलो नाही.

आईचा खोकला कसा आहे? आपली छोटी माझं नाव काढते का? तिला घेऊन ये. मला बिचकते ती, म्हणून आधी लांबच खेळू दे. मी बोलावणार नाही. ती आपण होऊन जवळ येईल.

तुमची वाट बघणारा,
अभिमन