डॉनलचा लाल परकर

९ नोव्हेंबर १९६३, शनिवार

काच! कागदावरचा फोटो नव्हे, काचेवरचा. आणि रंगीत.

हार्करसाहेबाची मेम, नोराबाई, आज आमच्या शिंप्याच्या दुकानात बिस्किटांचा डबा घेऊन आली. डब्यात टॉवेल, टॉवेलात काच. उजेडाकडे धरली आणि आत माणसं उभी. दगडी भिंतीपुढे एक बाई, डोक्यावरून तपकिरी शाल, शालीची झालर गुडघ्यापर्यंत, खाली लाल परकर, पाय अनवाणी. बाजूला चार पोरी, उतरत्या उंचीच्या. सगळ्यांचे परकर लाल. असला लाल मी इथे आखातात, देराच्या बाजारातल्या एकाही दुकानात बघितला नाही.

मी म्हटलं, कोणीतरी रंग भरलाय. रत्नागिरीचा फोटोवाला नवरीच्या ओठांना ब्रशने लाल लावतो, तसा. याच्याकडे लालच जास्त उरला असेल. शेजारच्या मशीनवरचा कारागीर गनी हसला. नोराबाई नाही हसली. एडनमध्ये होती तेव्हा पोरांच्या हिंदुस्थानी आयेकडून हिंदी शिकली, मोडकीतोडकी, पण कळते. ब्रश नाही म्हणाली. बटाट्याचं पीठ! त्याचे बारीक कण तीन रंगांत रंगवायचे, काचेवर पसरायचे आणि त्यांच्यामधून उजेड घ्यायचा. आयर्लंडातल्या एका बेटावरचा पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो. तिथल्या शाळामास्तरने काढला. काच डोळ्याजवळ नेली तर खरंच कण दिसतात, रव्यासारखे.

मुश्ताकचाचा आमचे मालक, गावाकडच्या आमच्याच खाडीकाठचे, म्हणून तर मी या दुकानात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काच निरखली, म्हणाले, "चार मुली. बिचारी."

नोराबाईने बोट ठेवलं. ही एक मुलगी. बाकीचे तिघे मुलगे. सगळ्यात धाकटा, रडवेला, तो तिचा बाप.

गनीची मशीन थांबली.

१० नोव्हेंबर

कालचं अर्धंच लिहिलं, चहा आला आणि राहिलं ते राहिलं.

तर त्यांच्या बेटावर मुलगे दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत परकर घालायचे. कारण टेकडीत राहणारे ते 'दुसरे लोक' (नाव घेत नाहीत म्हणे) मुलगे पळवतात, मुलींना हात लावत नाहीत. परकर दिसला की पुढे जातात. नोराबाईचे दोन मुलगे गेले. एक एडनला, एक जन्मला तोच गेलेला. तिसरा डॉनल, अडीच वर्षांचा, सप्टेंबरपासून ताप येतो-जातो. डॉक्टर रोज नवीन बाटली देतो. म्हणून तिला त्याच्यासाठी परकर हवाय. याच फोटोतला, असाच. काच आठ-दहा दिवसांसाठी ठेवून गेली. उन्हात न्यायची नाही म्हणाली, रंग उडतो.

तिने आणलेल्या पोराच्या झबल्यावरून चाचांनी माप घेतलं. म्हणजे आकडे मी लिहिले, पट्टी गनीने धरली, चाचांनी हुं हुं केलं. काम माझ्या गळ्यात.

११ नोव्हेंबर

खाकी पँटीला उलटा खिसा लावला. दोनदा. डोळ्यांपुढून काच जात नाही.

१३ नोव्हेंबर

काच उन्हात नेली. नेली तर नेली! लाल जुळवायचा तर घरात बसून कसा जुळणार?

सिंध्याकडे साटीन होतं, लिपस्टिकसारखं. जपानी नायलॉन होतं, त्याहून वाईट. कापडबाजार पालथा घातला. मग धक्क्यावर मुंबईचं गलबत कांदे उतरवत होतं, ते बघत राहिलो. तिथे एका बोकडावरून भांडण लागलं, बोकड खाडीत पडला, दोन नाखवे मागे उडी मारून गेले. बोकड वाचला. मग लक्षात आलं — हात रिकामे! धावत मागे. काच मसालेवाल्या इराण्याच्या फळीवर होती, मीच ठेवलेली, आणि म्हातारा ती आभाळाकडे धरून बघत होता.

तो मला एक शब्दही टाकून बोलला नाही. परकरावर नख ठेवून म्हणाला, रूनास. मागच्या पोत्यातून वाळकी मुळी काढून दाखवली, मोडली, आत केशरी. आमच्याकडची मंजिष्ठ ती हीच असावी. हा लाल कापडाच्या दुकानात मिळतच नाही, मुळीचा आहे तो. बोकड पडला नसता तर मला कधी कळलं असतं?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. शारजाच्या गोऱ्यांच्या छावणीतून सुटलेलं पांढरं लोकरी ब्लँकेट गनीने मिळवून दिलं. तुरटीत भिजवलं. मुळी कुटून बिर्याणीच्या देगात घातली आणि दिवसभर चुलीपाशी बसलो. उकळू द्यायचं नाही, नाहीतर तपकिरी होतं, असं इराण्याने बजावलेलं. संध्याकाळी ओढून बाहेर काढलं. काचेतला लाल!

१६ नोव्हेंबर

आज भात गुलाबी झाला. देग तीनदा घासला होता मी. चाचा म्हणाले, "अन्वरमियां, लग्न कोणाचं आहे?" सगळी खोली जेवली मात्र.

१८ नोव्हेंबर

हार्करसाहेब आला होता. साफ इंग्रज. बांधकाम कंपनीत मोठा. त्याच्या ऐंशी मजुरांची खाकी आम्ही शिवतो, दुकान चालतं ते त्यावरच.

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. टोपी काढून अगदी सावकाश बोलला. बायको आजारी माणसासारखी वागते आहे. आपला मुलगा मुलीचे कपडे घालणार नाही. असं काही या दुकानातून शिवून गेलं तर खाकी बंद. गुड डे.

नोराबाईचा नोकर येऊन काच घेऊन गेला. चाचांनी लाल कापड माझ्याकडे फेकलं. खलास म्हणाले. वर हेही — या कापडाला सुई लावलीस तर मुंबईची पुढची आगबोट तुझी.

१९ नोव्हेंबर

लिहितोच आता, नाहीतरी हे वाचणार कोण.

माझ्या आधी अम्माचे तीन मुलगे गेले. मी झालो तेव्हा तिसऱ्याच दिवशी माझं नाक टोचलं. पाच वर्षांचा होईपर्यंत केस कापले नाहीत, परकर घातला, कोणी विचारलं तर 'मुलगी' म्हणून सांगायची. परकर सुटला तरी भोक राहिलं. मराठी शाळेत नथ्या म्हणायचे. सहावीत एकाचं डोकं पाटीने फोडलं आणि शाळा सोडली ती सोडली. मग मिरकरवाड्याचं बंदर, मुंबई, गलबत, बसरा, इथे. कुठेच टिकलो नाही. अम्माचा राग होता मला. बावीस वर्षं होता.

त्या काचेतला धाकटा रडतोय. कोणीतरी त्याला नथ्या म्हटलं असणार. पण तो मोठा झाला, त्याला मुलगी झाली, ती समुद्र ओलांडून इथे आली. मीही जगलो. आणि साहेब टोपी हातात घेऊन सांगतो, शिवायचं नाही!

शिवणार.

२१ नोव्हेंबर

मशीन चाचांची, दोरा चाचांचा. म्हणून दोरा स्वतःच्या पैशाने आणला आणि हातानेच शिवतो. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं तेव्हा, धक्क्यावर गलबताच्या सावलीत. नाखवे विचारतात, बायकोचा का? मी म्हणतो, माझा.

२४ नोव्हेंबर

काच गेली पण मला पाठ आहे. मोठ्या मुलाच्या परकरावर खालून वर तीन आडव्या पट्ट्या होत्या, गडद. मला वाटलेलं नक्षी. आज चुण्या घालताना एकदम उमगलं. नक्षी नाही ती! आत घेतलेल्या दुमडीची खूण आहे. पोर वाढलं की आई एक दुमड सोडते. आतलं कापड ऊन-पाण्यापासून लपलेलं, म्हणून तिथला लाल ताजा. तीन पट्ट्या म्हणजे तीन वेळा सोडलेली दुमड. म्हणजे पोर तीनदा वाढलं! त्या बाईने पोराच्या अंगावर हिशेब मांडून ठेवलाय आणि शाळामास्तरला पत्ताही नसेल.

डॉनलच्या परकराला मी आठ दुमडी घालतोय. बसत नाहीत. घालतोच.

२५ नोव्हेंबर

आठांनी परकर डब्यासारखा उभा राहतो. चार घातल्या. बाकी कापड नेफ्यात लपवलं.

२८ नोव्हेंबर

गनीला कळलंय. म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय. ऐंशी जणांची खाकी एकीकडे आणि तुझं हे बाहुलीचं झबलं एकीकडे." मी म्हटलं, चाचांना सांग जाऊन. म्हणाला, "मी कशाला सांगू? माझं काम बटणं लावायचं, चहाड्या करायचं नाही." आतून लावायला जुन्या मलमलीचा तुकडा मात्र त्यानेच दिला. लोकर पोराला टोचेल म्हणाला.

खरं तर तो बरोबर बोलतोय. खाकी गेली तर त्याचंही पोट आहे, चाचांचंही. दिवसभर तेच डोक्यात. तरी टाके घालणं थांबलं नाही.

३ डिसेंबर

दिला.

नोराबाईला निरोप धाडला होता. अब्रा, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, लागते तिथे, खाडीच्या पायऱ्यांवर, ती डॉनलला घेऊन आली. पोर कसलं, दोन डोळे आणि खाली काड्या. तिने परकर हातात घेतला, आतली बाजू उलटली, दुमडी बोटाने मोजल्या. एक, दोन, तीन, चार.

तिथेच घातला त्याला. पोर पायऱ्यांवर गोल गोल फिरायला लागलं, परकर फुलायला लागला. होडीवाले जमले. एक म्हणाला, बिन्त? मुलगी? नोराबाई मोठ्याने म्हणाली, बिन्त, बिन्त. माझी अम्मा म्हणायची तसंच, त्याच घाईने.

डॉनल थांबला. सगळ्यांकडे बघून इंग्रजीत ठणकावून म्हणाला, "आय ॲम अ बॉय."

तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि हसली. होडीवाले हसले. मला हसायला आलं नाही. आभाळाकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना. मूर्खासारखं!

५ डिसेंबर

देरात बातमी फुटलीच. गोऱ्या साहेबाचा मुलगा लाल परकरात फिरतो. चाचांनी मला विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. आपण होऊन सांगणार होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मग दुसरं आलं. मग माझंच धाडस गेलं. बोचकं बांधून ठेवलंय.

७ डिसेंबर, शनिवार

साहेब आला. कडेवर डॉनल, अंगात परकर. काढू देत नाही म्हणे, हात लावला की किंचाळतो. ताप चार दिवस नाही, हे साहेब बोलला नाही, मागे उभा असलेला नोकर बोलला. साहेबाने परकराचा काठ चिमटीत धरून विचारलं, "किसने सिया?"

मी उठलो. चाचांनी बसल्या जागेवरून माझ्या खांद्यावर पट्टी ठेवून मला खाली दाबलं. "मैंने सिया, साब. इस दुकान में मेरे पूछे बिना टाका नहीं पडता."

दोन वर्षं झाली, चाचांना सुईत दोरा ओवता येत नाही. साहेबाने ते कितीदा पाहिलंय.

खाकी बंद. साहेब गेला. गनीने मशीनवरचं कापड काढून घडी घातली. मग चाचा म्हणाले, "अन्वर, ती आतली दुमड कशी घेतलीस? मला दाखव."