निबाच्या जाडीचा पाळणा

मळमड्डी, धारवाड
४ डिसेंबर १९७९

सौ. पार्वतीवहिनींना शालिनीचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. बाळंतीणबाईंनी उशाशी दौत घेऊन चार पानं लिहिली म्हणजे तब्येत झकास असणार. बाळ दिवसा गुणी आणि रात्री राक्षस, हे वाचून आईला फार आनंद झाला. जयतीर्थअण्णा अगदी असाच होता म्हणे. अण्णाचं गुवाहाटीहून पत्र आलं होतं. पुलाचं काम मार्चपर्यंत संपत नाही, त्यामुळे लेकाच्या बारशाला बाप नाही, यावर त्याने दोन पानं हळहळ केली आहे. तुम्हाला चार पानं लिहिली असतील.

तुमच्या आई-बाबांना माझा नमस्कार सांगा. सोलापुरात थंडी पडली का? इथे आईने शाली बाहेर काढल्या. आमच्या कारखान्यात सध्या कपाटांच्या बिजागऱ्या आणि मुठी एवढंच चाललंय. अहमदाबादला चार वर्षं डिझाइन शिकून आले ती कपाटाच्या मुठी काढायला, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. खोटं नाही ते.

आता पाळण्याबद्दल. तुम्ही लिहिलंत, ‘वन्सं, तुमचा पाळणा पोहोचला, सगळं सोलापूर बघायला येतंय.’ वहिनी, खरं सांगते, पाळणा झाला आहे हेच मला तुमच्या पत्रातून कळलं. मागे प्रदर्शनासाठी मी काही चित्रं काढली होती. कन्सेप्ट म्हणतात त्याला. अशी वस्तू असती तर कशी दिसली असती, एवढाच त्याचा अर्थ. खाली गोल बैठक, तिच्यातून वर गेलेला एकच पाइप, काठीच्या मुठीसारखा वळलेला, आणि त्याला टांगलेली वेताची टोपली. चार खांब नाहीत, आडवी दांडी नाही. शेजारी मापाला म्हणून एक उभी बाई. अण्णाला ते चित्र फार आवडलं होतं. गुवाहाटीला जाण्याआधी तो ते कपाटातून घेऊन गेला आणि हुबळीत गेट-ग्रिल करणाऱ्या कुणाकडून तरी त्याने पाळणा करवून घेतला, तुम्हाला आणि मला दोघींना चकित करायला. मी चकित झाले आहे.

बाळाला बारशापर्यंत पाळण्यात घालत नाहीत ना तुमच्याकडे? आमच्याकडे नाही घालत. आणि बारशानंतरही, मला वाटतं, थंडीत लुगड्याची झोळीच बरी. उबदार असते. घाई करू नका.

एक छोटं काम आहे. पाइप वर जिथे वळतो, तिथे रंगाला बारीक चीर दिसते का, एवढं उजेडात बघून कळवाल? सहज विचारते आहे.

बाळाचं वजन किती भरलं?

तुमची,
शालिनी


मळमड्डी, धारवाड
११ डिसेंबर १९७९

सौ. पार्वतीवहिनींना सप्रेम नमस्कार.

हे पत्र एक्स्प्रेसने टाकते आहे. हातात पडल्यावर आधी तुमच्या आईंना वाचून दाखवा.

तुमचं उत्तर आलं. तुम्हाला वाटलं मी विनय दाखवते आहे. ‘इतका सुंदर पाळणा केलात आणि म्हणता झोळीत घाला, आमची वन्सं भारीच लाजाळू.’ चूक माझी आहे. भीती वाटत असताना मी थंडीच्या गप्पा मारल्या. आता सरळ लिहिते. बाळाला त्या पाळण्यात घालू नका. बारशाला नाही, फोटोपुरतंही नाही. तो मोडेल.

अण्णाने कुणाकडून करवून घेतला हे शोधत मी शनिवारी हुबळीला गेले. मल्लाप्पा नावाचा माणूस आहे, हात अतिशय चांगला. माझं चित्र त्याने काचेच्या चौकटीत घालून भिंतीला लावलं आहे. त्याच्या खालीच अगदी तसाच दुसरा पाळणा उभा होता. मी विचारलं, ‘पाइपाची जाडी कुणी सांगितली?’

‘कुणी कशाला सांगाय पाहिजे मॅडम? चित्रातच हाय की,’ तो म्हणाला. ‘ती बाई पाच फुटाची धरली. कर्कटक लावून बाई मोजली, मग पाइप मोजला. एक सूत इकडंतिकडं केलं नाही बघा.’

वहिनी, ती जाडी पाइपाची नव्हती, माझ्या पेनाच्या निबाची होती. रेघ बारीक ओढली तर चित्र हलकं, तरंगल्यासारखं दिसतं, म्हणून मी सगळ्यात बारीक निब घेतलं होतं. मला ती शोभा होती, त्याला ते माप वाटलं. त्याच्याकडे गेटाची माणसं खडूने फरशीवर आकृती काढतात आणि शेजारी आकडा लिहितात. काचेसारख्या कागदावर काळ्या शाईने काढलेलं चित्र त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. एवढं नेटकं काढणाऱ्याने मापही नेटकंच काढलं असणार, असं कुणालाही वाटेल.

मी त्या टोपलीत सिमेंटचं अर्धं पोतं ठेवायला लावलं आणि झोका दिला. मल्लाप्पा हसत उभा होता. पाइप लगेच नाही मोडला. मी झोके देत राहिले, माझा हात भरून आला, मग वळणावर रंगाचे पापुद्रे सुटले आणि सगळं एकदम खाली आलं. आवाज असा झाला की रस्त्यावरची माणसं आत आली. मल्लाप्पा खाली बसला. म्हणाला, ‘तुम्ही शिकलेल्या बाई. चुकीचं कशाला काढाल म्हणून मी विचारलंच नाही.’ त्याच्याही घरात लहान मूल आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर तार का नाही केली. तार-ऑफिसात जाऊन आले. कागदावर दोन शब्द लिहिले आणि फाडले. अण्णा तिकडे पुलावर, तुम्ही ओल्या बाळंतीण, आणि दारात तारवाला. उघडून वाचेपर्यंत तुमच्या बाबांच्या छातीचं काय झालं असतं? मग ट्रंक कॉल लावला, तुमच्या शेजारच्या डॉक्टरांकडे. दुपारभर बसले, लाइन लागली नाही. उद्या पुन्हा लावणार आहे. शुक्रवारपर्यंत तुमचा काही निरोप आला नाही, तर मग कुणाच्या छातीचा विचार न करता तार करीन.

आईंना पटलं नाही तर त्यांना सांगा, बारशाला आधी वरवंटा घालतातच ना पाळण्यात, टोपरं घालून, बाळाच्या आधी? त्याला आमच्याकडे गुंडप्पा म्हणतात. तो गुंडप्पा आत्ताच घाला आणि खरे झोके द्या, नेहमीसारखे नावाला दोन नाही. बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवून.

रविवारी बारशाला मी येणार नाही. आत्याशिवाय बारसं कसं, हे मला कळतं. तिकीट काढलेलं होतं, ते परत केलं. कारण मागाहून लिहीन. आत्ता लिहिलं तर तुम्हाला झोप लागणार नाही, आणि मला तर लागतच नाही आहे.

पत्र मिळाल्याचं लगेच कळवा. एक ओळ पुरे.

शालिनी


मु. अळणावर
२० डिसेंबर १९७९

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र काल रात्री घरी गेल्यावर मिळालं. डॉक्टरांकडून निरोप आधीच आला होता, पण तुमच्या अक्षरात वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. आईंना खरं वाटेना म्हणून त्यांनी गुंडप्पाला टोपरं बांधून घातलं, शेजारणींनी हसत हसत झोके दिले, आणि तो धाडकन शहाबादी फरशीवर आला, फरशीचा कोपरा उडाला. तुम्ही लिहिलं आहे की त्यानंतर आईंनी बाळाला दिवसभर मांडीवरून खाली ठेवलं नाही. मला ते टोपरं घातलेलं दगडाचं डोकं सारखं दिसतं.

पुढे तुम्ही रागावला आहात. ‘आत्या येईपर्यंत नाव ठेवणार नाही, बाळ बिननावाचं राहिलं तरी चालेल. पाळणा मोडला म्हणून तोंड लपवता का?’ तोंड लपवत नाही वहिनी. मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते हे, की मल्लाप्पाने पाळणे तीन केले होते. एक तुमचा. एक मी मोडला. तिसरा विकला गेला होता.

कुणाला, ते मल्लाप्पाला माहीत नव्हतं. अळणावरकडचा, लाकडाच्या वखारीत कामाला, एवढंच आठवत होतं. तुम्हाला पत्र लिहिता येत होतं, फोन लावता येत होता. या घराला पत्ताच नव्हता. म्हणून सोलापूरचं तिकीट परत केलं आणि रोज सकाळच्या गाडीने इकडे येत राहिले. वखारी हिंडले, मग आसपासची गावं. कुणाच्या घरी तान्हं मूल आहे, असं विचारत फिरणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, ते आता मला कळलं. एका गावात बायकांनी पोरं घरात ओढून दारं लावली.

काल माणसं कामावरून परतायच्या वेळी घर सापडलं. धोंडिबा त्याचं नाव. बायको गोदावरी, आई हिराबाई. मी दारात उभी राहिले तेव्हा आत पाळणा हलत होता, त्यात मूल होतं, आणि हिराबाई ओवी म्हणत दोरी ओढत होत्या. मी चपलांसकट आत गेले आणि मुलीला उचललं. गोदावरी किंचाळली. ‘हे मी काढलंय, हे चुकलंय,’ एवढंच मी म्हणत होते.

मुलगी माझ्याकडून काढून घेतल्यावर मी सगळं सांगितलं. धोंडिबाने शांतपणे ऐकलं. म्हणाला, ‘रोज लाकडंच उचलतो बाई. म्हटलं, पोरगीला तरी वेगळं काय तर असूदे.’ मी म्हटलं, तुमचे पैसे परत देते, पाळणा द्या. तो म्हणाला, ‘चित्र तुमचं असंल. पाळणा आमचा हाय.’

मग मी वरवंटा मागितला. बारशाला घातला होता की, काही झालं नाही, असं हिराबाई म्हणाल्या, तरी त्यांनी दिला. मी पदर खोचून झोके दिले. अंगणात गल्ली गोळा झाली. मी देतच राहिले, घामाघूम झाले. मोड रे, मोड एकदाचा, असं मनात म्हणत होते. तुमच्याकडचा मोडला, हुबळीचा मोडला. वहिनी, हा मोडला नाही.

लोक हसले. धोंडिबाने वरवंटा काढला, टोपली झटकली, आणि गोदावरीने माझ्यासमोर मुलीला पुन्हा आत ठेवलं. माझ्याच परीक्षेत तो पाळणा पास झाला होता, आता मी कुठल्या तोंडाने बोलणार? लोखंड थकतं, आज न मोडलेलं उद्या मोडतं, आणि कुठल्या झोक्याला ते कुणालाच सांगता येत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. वळणावर रंगाला केसाएवढी चीर आहे, तीही दाखवली. धोंडिबाला ती रंगाची वाटली.

शेवटी इथल्याच सुताराला सागवानी पाळणा सांगितला, चार खांबांचा. तो आणून दारात ठेवला तर बदलून घेईन, एवढं धोंडिबाने कबूल केलं. सुतार म्हणाला, तीन दिवसांत देतो. रात्री मुलगी आईच्या कुशीत असते. दिवसा दोघं कामावर जातात, मुलगी पाळण्यात आणि हिराबाई स्वयंपाकाला. म्हणून आज सकाळच्या गाडीने पुन्हा आले आणि दारात उभी राहिले.

हिराबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. विचारलं, ‘लगीन झालंय काय तुझं?’ नाही म्हटलं. ‘वय?’ चौतीस म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू सगळा उलगडा झाला. मग पाळण्याजवळ पोतं अंथरलं आणि म्हणाल्या, ‘बस की मग इथं. लाज नको करू. दे झोका पाहिजे तेवढा.’

मी बसले. त्यांना जे वाटतं ते वाटू दे. नाहीतर मला इथे बसू कोण देणार होतं?

आता दुपार झाली आहे. मुलगी झोपली आहे. चंद्रभागा तिचं नाव, चंदी म्हणतात. पाळणा अगदी स्थिर आहे आणि मी तो हलू देत नाही. एकाच हाताने हे लिहिते आहे, कागद धरायला दुसरा मोकळा नाही, म्हणून अक्षर असं आलंय. वाऱ्याने टोपली हलली तरी माझं पेन थांबतं. हिराबाई चुलीपाशी बसून मधूनमधून माझ्याकडे बघतात आणि डोळे पुसतात. मघाशी चहा देताना म्हणाल्या, ‘तुझ्याबी घरात हलंल बघ एक दिवस.’

परवा सुताराने शब्द पाळला तर मी त्याच रात्रीच्या गाडीने सोलापूरला येते. बाळाचं नाव मी ठरवलेलं आहे, पण हे मूल या पाळण्यातून उतरेपर्यंत माझ्या तोंडून ते निघणार नाही. तोवर बाळाला मांडीवरच ठेवा.

डाव्या हाताचा अंगठा चिरेवर दाबून धरलेली,
तुमची वन्सं शालिनी