चार नंबरच्या भट्टीचा चार्ज

सोमवार, ३ तारीख

ही वही विकत घ्यावी लागली, कारण कारखान्याच्या नोंदवहीत मी लिहिलेली एक खरी ओळ पहिल्याच दिवशी खोडली गेली. मला काम शिकवणाऱ्या वस्तादांनी पट्टी लावून, हसत हसत खोडली. म्हणाले, बाई, इथं स्क्रीन सांगते तेवढंच लिहायचं, तुमच्या डोळ्यांना दिसतं ते घरी जाऊन लिहा. तर लिहिते.

बाकी दिवस उत्तम गेला. एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले आणि अठ्ठावनाव्या वर्षी भट्टी चालवायच्या प्रमाणपत्रासाठी पुन्हा बाकावर बसले. मुलगा म्हणाला, आई, या वयात लोक गुडघे सांभाळतात, तू यंत्रं सांभाळायला निघालीस! मी म्हटलं, गुडघे ऐकत नाहीत, यंत्रं ऐकतात.

कारखाना लाकूड सुकवण्याचा. पोलादी भिंतींच्या पाच भट्ट्या, एकेक खोलीएवढी. आत फळ्यांच्या थप्प्या रचायच्या, दार लावायचं. मग पंखे आणि उष्णता, सलग अकरा दिवस. मध्ये दार उघडत नाही. हे सगळं चालवतो भिंतीवरचा एक कंट्रोलर, डब्याएवढा, त्यावर हिरव्या दिव्यांची ओळ, मोजणीचा छोटा आकडा आणि खाली स्क्रीन. एक तार, एक दिवा. प्रोग्राम शिडीसारखा काढतात: प्रत्येक पायरीवर अटी, टोकाला काम. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरच काम होणार. असा विद्यार्थी मला एकतीस वर्षांत एकही मिळाला नाही.

आता ती ओळ. भट्टीच्या दाराशी सेन्सर आहेत. माणूस आत गेला की मोजणी एकनं वाढते, बाहेर आला की घटते. शून्य झाल्याशिवाय पंखे फिरत नाहीत. संध्याकाळी आम्ही सगळे बाहेर उभे होतो. कंट्रोलरच्या आकड्यात जे होतं ते मी लिहिलं: ‘भट्टी चार, आत माणसं – एक.’ तरी पंखे सुरू झाले.

बुधवार, ५ तारीख

पंखे कसे सुरू झाले ते कळलं. याला ‘फोर्स’ म्हणतात. मी सक्ती म्हणते. सेन्सर काहीही सांगो, प्रोग्रामला बजावायचं की शून्य धर. दिवे आणि आकडा खरं सांगत राहतात, स्क्रीन वस्तादांचं ऐकते. सक्ती चाचणीपुरती लावून काढायची असते, असं पुस्तकात आहे. इथली दोन वर्षं काढलेली नाही. वस्ताद म्हणतात, सेन्सर बिघडलाय, एक माणूस जास्त मोजतो. मी विचारलं, बदलला का नाही? म्हणाले, तीनदा बदलला.

आणखी एक. आत जाणाऱ्यानं स्वतःचं लाल कुलूप दाराच्या कडीला लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. कुलूप आहे तोवर दार लावायचं नाही, आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. नियम मला पसंत आहे. पण चारच्या कडीला एक लाल कुलूप कायमचंच आहे. त्याची अडचण होते म्हणून शेजारी दुसरी कडी ठोकून घेतली आहे. कुणाचं, म्हणून फोर्कलिफ्टवाल्याला विचारलं. मला मावशी म्हणतो, चांगला माणूस. म्हणाला, तुमच्या आधीच्या बाईंचं, मावशी. त्याही शिस्तीच्या होत्या. पण दोन वर्षांपूर्वी चार्ज न देताच गेल्या.

शनिवार, ८ तारीख

जेवणाच्या सुट्टीत दिव्यांसमोर उजळणी करत होते. सहावा दिवा लागला. तीनदा. थांबला. पुन्हा तीनदा.

सहावी तार म्हणजे चारच्या भट्टीच्या आतली दोरी. कुणी अडकलं तर ओढायची. स्क्रीनवर मात्र काहीच नाही, कारण दोरीवरही सक्ती आहे. वस्तादांना बोलावलं. उंदीर असेल म्हणाले. मी म्हटलं, तीनपर्यंत मोजणारा उंदीर? त्यावर ते हसले. म्हणाले, तुमच्याच शाळेतला असेल, बाई.

मी हसले नाही. तिथं आत साठ अंश आहे.

शुक्रवार, १४ तारीख

चार नंबर उघडली. मी पहिली गेले. थप्प्यांच्या मागे, खाली, गल्लीत, सगळं पाहिलं. कुणी नाही. माझ्यासह आकडा दोन, बाहेर आल्यावर एक.

वस्तादांनी नोंदवही पुढं केली. उद्या नवा माल भरणार, मी ‘आत – शून्य’ लिहून सही करायची आणि भट्टी स्वतः चालवायची. मग प्रमाणपत्र. मी म्हटलं, दिसत नाही ते शून्य मी लिहीत नसते. म्हणाले, मग प्रमाणपत्र विसरा. ठीक, विसरले. उद्या दुपारी निघते. त्यांनी टोमणा मारलाच: जा, पण चार्ज देऊन जा, आधीच्यांसारखं नको.

मुलाला कळवलं, येते, न्यायला येऊ नकोस, वेळ विचारू नकोस. म्हणाला, आई, तुला वेळ विचारायची कुणाची छाती!

शनिवार, १५ तारीख, दुपार

सकाळी सगळ्यांचा निरोप घेतला. बॅग फोर्कलिफ्टवाल्यानं बस स्टँडवर नेली, फोन तिच्यातच. जेवणाच्या सुट्टीत एकटीच परत आले. भट्टी भरलेली, दार उघडं. आत कुणी असेल तर त्याला कोंडून मी बसमध्ये बसू शकत नाही. माझं लाल कुलूप त्या जुन्याशेजारी लावलं. आत आले.

दोरी दाराच्या चौकटीला आहे. ती नीट दिसावी म्हणून दार अर्धं ओढलं. एरवी उघडं असताना ते आतल्या भिंतीला टेकलेलं असतं, आतली बाजू दिसत नाही. तिथं खडूनं, सुबक अक्षरात, रकाने आखून: ‘भट्टी चार, चार्ज यादी. लाल कुलूप – १. किल्ली – १. दोरी – १.’ देणार, सही. घेणार, रिकामं.

रिकामा रकाना मी आयुष्यात सोडलेला नाही. पर्समध्ये खडू असतोच. हात आपोआप गेला.

सही संपली आणि शेजारून कुणीतरी गेलं. कोरडा, भुशाचा वास. बाहेर कुलूप उघडल्याचा आवाज. मग दार –

नंतर

उघडत नाही. दारातल्या गोल काचेतून लिहिण्यापुरता उजेड आहे. एक बाई जाताना दिसली, पाठमोरी. अंबाड्यात भुसा. हातात एक लाल कुलूप. मागं वळून पाहिलं नाही.

वस्ताद जेवून आले. मी काच बडवली. पोलाद जाड, आवाज बाहेर जात नाही. त्यांनी कडीकडे पाहिलं. एक लाल कुलूप आहे – रोजच असतं. त्यांनी शेजारची कडी लावली.

नंतर

दोरी ओढते आहे. तीनदा. थांबून तीनदा. सहावा दिवा लागत असणार. वस्ताद समोर उभे राहून शीळ घालताहेत.

आकडा एक असणार. रोजच असतो –

पंखे

दिवस कळत नाही

घाम येत होता, आता येत नाही. मुलगा वाट पाहणार नाही. मीच सांगितलं. बॅग स्टँडवर –

खडू अजून आहे. तिची यादी पुसली. नवे रकाने आखले, सरळ. कुणीतरी येईल. शिस्तीचं कुणी, शून्य न लिहिणारं –

भट्टी चार, चार्ज यादी.
लाल कुलूप – १, बाहेर.
किल्ली – १, खिशात.
दोरी – १, चालू, ओढून पाहिली.
वही – १.
आत माणसं – १.
देणार – सही केली.
घेणार –